नाळेखालचा खण

१

जितेंद्रला सगळे जितू बॉक्सवाला म्हणत. नालासोपारा पश्चिमेला, गासकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याची पत्र्याची शेड होती. बाकीचे सुतार कपाटं करत, ओटे करत, पलंग करत. हा पठ्ठ्या फक्त स्पीकरच्या पेट्या करायचा. रिक्षांच्या, टेम्पोंच्या, लग्नातल्या जीपगाड्यांच्या, गणपती मंडळांच्या. रस्त्याने एखादी गाडी गेली आणि खिडक्यांची तावदानं थरथरली, की खुशाल समजावं, पेटी जितूची आहे. शेजारच्या म्हाताऱ्यांनी त्याला मनातल्या मनात किती शिव्या घातल्या असतील ते त्यांनाच ठाऊक. त्याला मात्र आपल्या कामाचा भारी तोरा. "आवाज स्पीकरचा नसतो," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा, "आवाज असतो पेटीतल्या हवेचा. हवा मोजता आली पाहिजे."

आणि ती मोजायची त्याची स्वतःची तऱ्हा होती. चौकोनी पेटीला टेप लावला की भागतं. पण डिकीतला कोपरा, चाकावरचा फुगवटा, असल्या वेड्यावाकड्या जागेत टेप काय करणार? तिथे जितू भाताचा तूस ओतायचा. गासच्या भातगिरणीतून गोणी भरून आणायचा, तेलाच्या रिकाम्या डब्याने मोजून जागा भरायचा, आणि किती डबे बसले त्यावरून पोकळी ठरवायचा. गंमत अशी, की ओतायच्या आधीच तो पुठ्ठ्याचे नमुने लावून, एक डोळा बारीक करून आकडा सांगून टाकायचा. तो आकडा चुकला तर वाटीभराने चुकायचा. त्याहून जास्त कधी चुकला नव्हता.

दोन हजार तीन सालच्या ऑक्टोबरात राजोडीचा क्लेमेंट त्याच्या शेडमध्ये आला आणि म्हणाला, "होडीत सबवूफर बसवायचाय."

जितूला वाटलं, चेष्टा करतोय.

"चेष्टा नाय रे. मासळीचं काही खरं राहिलं नाही. रविवारी राजोडीला पब्लिक बघतोस ना किती येते? त्यांना फेरी मारून आणायची. पण म्युझिकशिवाय कोण बसतंय? आणि नुसतं किणकिण नको, पोटात वाजलं पाहिजे."

जितूने आजवर चाकावर चालणाऱ्या सगळ्या वस्तूंत पेटी बसवली होती. पाण्यावरची एकच राहिली होती. तो लगेच हो म्हणाला.

२

होडी सुरूच्या बागेत ओढून ठेवली होती, दोन्ही अंगांना लाकडांचे टेकू देऊन. लाकडी, जुनी, पण ठणठणीत. कडेला निळ्या रंगात नाव लिहिलेलं: संत आंतोन. जितू आत चढला, इकडे-तिकडे ठोकून पाहिलं, आणि त्याची नजर पुढच्या टोकाशी जाऊन थांबली. होडीच्या त्या टोकाला नाळ म्हणतात. नाळेवर फळ्यांचं छप्पर होतं आणि त्याखाली एक निमुळता खण, माणूस वाकून शिरेल एवढ्या तोंडाचा. वर छपराला नांगराचा दोर जायला एक गोल भोक. तोंडावर दार नाही, फळी नाही. जुन्या जाळ्याचा एक तुकडा तेवढा पडद्यासारखा सोडलेला.

जितूला हर्ष झाला. "अरे, पेटी करायचीच कशाला? ही आयती पेटी आहे. तोंडाला जाड प्लाय मारतो, मध्ये स्पीकर, वरचं भोक बंद, सगळ्या फटींत सिलिकॉन. असला घुमारा येईल की अर्नाळ्याला ऐकू जाईल."

क्लेमेंट होडीच्या काठावर टेकला. मग त्याने सांगितलं ते असं.

तो खण जॉनचा. जॉन म्हणजे त्याचा थोरला भाऊ. होडी तोच चालवायचा, आणि समुद्रात रात्र काढायची वेळ आली की तिथेच गुडघे पोटाशी घेऊन झोपायचा. चार वर्षांमागे मोसमाच्या अखेरीला वादळात सापडला. होडी मिळाली, धडधाकट, पाण्यावर डुलत होती. जॉन मिळाला नाही. आणि त्यांच्या घरात आजोबाच्या वेळेपासून एक रीत होती: समुद्रात गेलेला माणूस हाती लागला नाही, तर त्याची होडीतली जागा फळीने बंद करायची नाही, तिथे खिळा मारायचा नाही. येईल तेव्हा त्याला त्याची जागा उघडी मिळाली पाहिजे.

"आमच्यात नोव्हेंबरात कबरी उजळतात," क्लेमेंट म्हणाला. "फुलं, मेणबत्त्या. आय माझी सिमिटरीच्या गेटाबाहेर उभी राहते. आत येतच नाही. फादर किती वेळा बोलले, जॉनच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सा करू या. ती बोलते, मानूस येयाचा हाय, मिस्सा कसली. रोज दुपारी इथे येऊन त्या खणाजवळ बसते. चार वर्षं, जितू. सुनेशी बोलत नाही, नातवंडांकडे बघत नाही. जिवंत पोरगा घरात आहे हे तिला आठवत पण नसेल."

"मग हा खण कसा बंद करायचा?"

"तोच बंद करायचाय. जागा बंद झाली ना, तर तिच्या मनातली पण होईल. यंदा नोव्हेंबरात मिस्सा व्हायला पाहिजे. म्युझिकचं काय, ते कुठेही वाजेल. मला माझी आय परत पाहिजे."

"त्यांना विचारलंस?"

"विचारलं. बोलली, रेडिओ ठेव, काय ठेवायचं ते ठेव, पण खिले नको." क्लेमेंटने मान खाली घातली. "तू खिळे नको मारू. स्क्रू मार."

जितूला ही पळवाट काही फारशी आवडली नाही. पण घरातल्या गोष्टीत बाहेरच्याने किती नाक खुपसायचं, आणि काम तर हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

३

त्याने पुठ्ठ्याचे नमुने कापले, खणाच्या आत थोड्या-थोड्या अंतरावर लावून पाहिले. आतल्या वासे-पाट्यांची जागा वजा केली. मग नेहमीप्रमाणे डोळा बारीक करून आकडा ठरवला. तोंडाला तात्पुरता प्लाय लावला, स्पीकरसाठी कापलेल्या गोल भोकावर झाकण दाबलं, आणि वरच्या दोराच्या भोकातून तूस ओतायला सुरुवात केली.

ऊन छान पडलं होतं. किनाऱ्यावर कुणी मासे वाळत घालत होतं. तूस भोकातून सळसळत उतरत होता आणि जितू मजेत डबे मोजत होता. एकाएकी तूस वर आला. भोकाच्या तोंडाशी येऊन थांबला.

त्याच्या आकड्याप्रमाणे अजून चार-साडेचार डबे जायला हवे होते.

पहिल्यांदा त्याला हसू आलं. असं होतं, तूस मध्ये अडकतो, खाली पोकळी राहते. त्याने लाकडी हातोड्याने बाहेरून सगळीकडे ठोकलं, चांगलं दणादण. तूस बोटभर खाली बसला, बस्स. मग त्याने एक वेळूची काठी घेतली आणि वरून आत खुपसली, ढवळायला. काठी सरळ उतरली. तळ यायच्या बऱ्याच आधी ती थांबली.

लाकडाला लागली असती तर ठक्क झालं असतं. तसं काही झालं नाही. जितूने जरा जोर दिला. जे काही होतं ते थोडं दबलं, आणि हात सैल सोडल्यावर काठी आपोआप तेवढीच वर आली.

त्याने काठी काढून घेतली. पुन्हा घातली नाही. आत जुनं जाळं राहिलं असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. आणि सांगता सांगताच त्याला आठवलं, की सकाळी नमुने लावायला तो स्वतः त्या खणात शिरला होता आणि आत एक दोराचा तुकडासुद्धा नव्हता.

४

"तूस दाबला गेला असेल," संपदा म्हणाली. संपदा म्हणजे त्याची बायको, सोपाऱ्यातल्या एका शाळेत शास्त्र शिकवायची. जेवताना त्याने तिच्यापुढे सगळे पुठ्ठे मांडले होते, आमटी त्यांच्यावर सांडेल याची त्याला पर्वा नव्हती.

"दाबला गेला तर जास्त मावेल, संपदा. कमी कसा मावेल?"

"हो की." तिने पेन्सिल घेतली, त्याची आकडेमोड पहिल्यापासून तपासली. तिला चूक सापडली असती तर त्या माणसाने तिचे पाय धरले असते. चूक नव्हती. "बाहेरून मोजलंस ते आतून मोजलेलं धरलं नाहीस ना? लाकडाची जाडी?"

"आत बसून मोजलंय."

"मग ओलसर असेल तूस."

"कोरडा ठाक होता."

संपदाने पुठ्ठे बाजूला सारले आणि त्याला भात वाढला. "चार-साडेचार डबे म्हणजे किती रे? साठ-सत्तर लिटर. म्हणजे बघ, तुझ्याएवढा एक माणूस." ती हसली. "कुणीतरी आत बसून राहिलंय आणि तू त्याच्या डोक्यावर तूस ओततोयस. बिचारा."

जितूही हसला. मग त्याने पुठ्ठे पुन्हा जवळ ओढले. आत शिरलो तेव्हा आपल्याला तिथे कसं वाटलं होतं, ते तो आठवायला लागला. तिथे एकटं बसायला पुरेल एवढी जागा होती आणि तरी तो सारखा अंग चोरून बसला होता, गाडीत शेजारी कुणी असलं की बसतो तसा. का, ते त्या वेळी त्याच्या मनातही आलं नव्हतं.

५

दुसऱ्या दिवशी त्याने तूस काढून पुन्हा भरला. तितकाच बसला. वाटीचाही फरक नाही.

दुपारी क्लेमेंटची आई, आग्नेसमावशी, आली. बारीक चणीची, लुगडं नेसलेली म्हातारी, हातात चहाची किटली. होडीच्या सावलीत वाळूवर बसली, त्याला चहा ओतून दिला. तिची बसायची जागा ठरलेली होती, खणाच्या अगदी लगत. पाठ फळ्यांना टेकलेली.

"झाला काय रं भरून?" तिने विचारलं.

आता इथे या शहाण्याने गप्प बसायचं की नाही? पण माप चुकल्याचं त्याच्या डोक्यात इतकं बसलं होतं, की तो तिच्यापुढे आपलं रडगाणं घेऊन बसला. आयुष्यात पहिल्यांदा आकडा चुकला, मावशी. दोनदा भरला, दोनदा तेच. आणि बायकोची थट्टा फार हुशारीची वाटली होती म्हणून तीही तशीच्या तशी पुढे केली: "एक माणूस बसेल एवढी जागा कमी भरतेय बघा."

म्हातारीने आपला कप खाली ठेवला. पाठ न हलवता तिने एक हात मागे नेला आणि फळीवर ठेवला, बाळाच्या पाठीवर ठेवावा तसा हलका. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तोंडावर हसू.

"म्या बोललू व्हतू," ती म्हणाली. "कोन आयकत नवता माजा."

जितूच्या हातातला चहा तसाच राहिला. आपण काय करून बसलो हे त्याला तेव्हाच कळलं.

६

दोन-तीन दिवसांत क्लेमेंट तावातावाने शेडवर आला. एवढा शांत माणूस, पण त्या दिवशी त्याचा आवाज चढला होता.

"काय भरवलंस तू आयच्या डोक्यात? ताट घेऊन जाते तिकडे. भात, बोंबलाचं कालवण. काल माझ्या बायकोला बोलली, जॉनचं अंथरूण उन्हात घाल. गेल्या आठवड्यात ती फादरशी बोलायला तयार झाली होती, जितू. तयार झाली होती. आता फादरला दारातून परत पाठवलं. बोलली, पोरगा आलाय माजा."

जितूने सगळी चूक कबूल केली. लाजेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो पेट्या करणारा माणूस. कुणाच्या आईचं मन अर्धं सावरलेलं असताना ते पुन्हा विसकटायचं काम त्याच्याकडे कुणी दिलं नव्हतं.

"काम उरक," क्लेमेंट म्हणाला. "बंद करून टाक एकदाचा."

त्याच दुपारी जितूने खण रिकामा केला, आतून झाडून घेतला. झाडताना आत पूर्ण शिरला नाही, लांब दांड्याचा झाडू वापरला. मग प्लाय कायमचा बसवला, स्क्रूने, चहूबाजूंनी सिलिकॉन भरून. वरचं भोक लाकडी बुचाने बंद केलं. बुचाला सिलिकॉन सर्वांत शेवटी लावायचं ठेवलं. स्पीकर बसवला. वायर अजून जोडली नव्हती, अँप्लिफायर शेडमध्येच होता.

पेटी हवाबंद झाली की नाही ते बघायची एक साधी खूण असते. स्पीकरचा पडदा चार बोटांनी अलगद आत दाबायचा आणि सोडून द्यायचा. फट असेल तर तो चटकन जागेवर येतो. पेटी घट्ट बंद असेल तर हवा त्याला सावकाश बाहेर ढकलते. जितूने हे हजारदा केलं होतं. दाबायचं, सोडायचं, बघायचं.

त्याने बोटं ठेवली आणि दाबलं. पडदा आत गेला. आणि त्याने सोडायच्या आधीच तो बाहेर आला. हळूच, पण पक्का. त्याच्या बोटांना मागे रेटत. जितूने जोर वाढवला तसा पलीकडूनही जोर वाढला, बरोबर तेवढाच. त्याच्या चारही बोटांखाली एकेक वेगळा दाब होता.

तो उठला आणि होडीतून खाली उतरला. क्लेमेंट सुरूच्या झाडाखाली उभा होता. त्याने विचारलं, काय झालं. जितू म्हणाला, बहुतेक कुठेतरी फट आहे, तू एकदा दाबून बघ.

क्लेमेंट वर चढला, पडदा दाबला, सोडला. पडदा सावकाश जागेवर आला. अगदी जसा यायला हवा तसा.

"बरोबर आहे ना?" क्लेमेंटने विचारलं.

"बरोबर आहे," जितू म्हणाला. घरी जाताना तो स्वतःला समजावत राहिला. उन्हाने पेटीतली हवा फुगली असणार. फुगते हवा, संपदाला विचार हवं तर. फक्त चार बोटांचं काय करायचं, ते त्याला समजेना.

७

पुढची रात्र त्याने विचारात काढली. भुताखेतांचा नव्हे, तो त्या बाबतीत कच्चा नव्हता, निदान तसं समजत होता. विचार आग्नेसमावशीचा होता. खण बंद केला तर ती काय म्हणेल? पोराला आत कोंडलं, असंच म्हणेल. क्लेमेंटला वाटत होतं फळी लागली की तिचं मन शांत होईल. आता ते होणं शक्यच नव्हतं, आणि याला कारण जितूची जीभ. बरं, उघडा ठेवला तर ती मरेपर्यंत तिथे ताट घेऊन बसणार. त्यातून एकच रस्ता निघत होता. आपण तिला मापाने फसवलं, तर मापानेच सोडवायचं. तिच्या डोळ्यांदेखत, भर उन्हात, तूस भरायचा आणि काढायचा. तळापर्यंत काढायचा. आत काही नाही हे तिने स्वतः बघितलं, की मग फादर, मिस्सा, सगळं आपोआप होईल.

क्लेमेंटला ते पटलं. म्हणाला, "तिने बघितलं तरच मानेल."

मग एका दुपारी तिघं होडीपाशी जमले. स्पीकर काढून ठेवला, गोल भोकावर झाकण दाबलं. वरचं बूच काढलं. आग्नेसमावशी होडीत, खणासमोर, पाटावर बसली होती. केस नीट विंचरलेले, अबोलीचा गजरा माळलेला. क्लेमेंट तिच्याकडे बघायचं टाळत होता.

"मावशी," जितू म्हणाला, "आता हा मी भरतो. मग झाकण काढतो. सगळा तूस बाहेर येईल. आत काय आहे ते तुम्हीच बघा. आणि काही नसलं तर..."

"तर मी मिस्सा करीन," ती शांतपणे म्हणाली. "फादरला सांग."

त्याने ओतायला सुरुवात केली. तूस आत उतरताना सळसळत होता, आणि तो जसजसा चढत गेला तसा आवाज बारीक होत गेला. जितूने डबे मोजायचे नाहीत असं ठरवलं होतं, तरी मोजले. तूस पुन्हा तेवढ्याच डब्यांत वर आला.

तो खाली वाकला आणि झाकण काढलं.

तूस भडभडून बाहेर आला, तिच्या पाटाशी ढीग झाला, आणि मग भोकाच्या पातळीला येऊन थांबला. आता हात घालून उरलेला ओढायचा होता. त्याआधी जितूने बॅटरी लावून आत बघितलं. क्लेमेंटही त्याच्या खांद्यावरून वाकला.

पुढच्या बाजूचा तूस घसरून गेला होता. पण मागे, नाळेच्या अगदी टोकाला, तो भिंतीसारखा उभा राहिला होता आणि त्या भिंतीत एक खळगा होता. वरून गोल, मग रुंद, मग खाली दोन उंचवट्यांच्या जागा शेजारी-शेजारी. गुडघे पोटाशी घेऊन बसलेला माणूस तुसातून अलगद उचलून घेतला तर मागे जे राहील, ते. खळग्याच्या कडा स्वच्छ होत्या. तूस उतारावर इतका सरळ उभा राहत नाही, हे जितूइतकं कुणाला ठाऊक असणार?

मग वरच्या कडेचा तूस हलला. थोडासा, चिमूटभर, आतल्या बाजूने घरंगळला. आणि पाठोपाठ खळगा जागेवरून सरकला. त्याची मागची बाजू भरून आली आणि पुढची बाजू खचली, भोकाच्या दिशेने.

क्लेमेंटने जितूचा दंड इतका घट्ट धरला, की त्याचे वळ नंतर दोन दिवस राहिले.

"बाजूला व्हा," आग्नेसमावशी म्हणाली.

त्यांनी तिला अडवायला हवं होतं. जितूला नंतर कितीदा तरी वाटलं, की एक शब्द जरी आपण बोललो असतो. पण तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की तिच्या आड यायचं धाडस दोघांनाही झालं नाही. तिने पदर खोचला. भोकातून हात आत घातला, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत, गाल प्लायला टेकवून. डोळे मिटले. तिचा खांदा हळूहळू हलत होता. आत तिचा हात काय चाचपतोय ते दिसत नव्हतं, पण कळत होतं: आधी वर, केसांवरून फिरल्यासारखा, मग खाली, कपाळ, गाल. ती पुटपुटत होती, लहान पोराशी बोलतात तसं काहीतरी.

मग तिचा खांदा थांबला.

तिने डोळे उघडले. चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं, ते जायला वेळ लागला. आधी डोळ्यांतून गेलं, मग ओठांवरून. ती तशीच गाल टेकवून राहिली, आणि तिने श्वास घेतलेला जितूला ऐकू आला.

हात तिने अतिशय सावकाश बाहेर काढला. झोपलेल्याची झोप मोडू नये म्हणून आपण काढतो तसा. तूस तिच्या खांद्यापर्यंत चिकटला होता.

"आय?" क्लेमेंट म्हणाला.

"फली लाव," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक, जवळच्यालाच ऐकू जाईल एवढा. "खिले मार. आताच मार."

"आय, काय झालं?"

"यो जॉन नाय."

क्लेमेंट जागचा हलेना. शेवटी जितूनेच फळी उचलली, भोकावर आडवी धरली आणि खिळे ठोकायला लागला. वाकडे गेले, बोटावर बसले, तरी ठोकत राहिला. मग क्लेमेंटने दुसरा हातोडा घेतला, आधी वरचं बूच ठोकलं. दोघंही एकमेकांकडे न बघता ठोकत होते. आतून काहीच आवाज येत नव्हता. फळीवर मात्र दरवेळी हातोडा बसला की ती जराशी उशिरा परत यायची, आणि जितू तिकडे लक्ष देत नव्हता.

ठोकून झालं तेव्हा आग्नेसमावशी खाली वाळूवर जाऊन बसली होती. होडीकडे तिने पाठ केली होती. समोर ओहोटीचं पाणी दूर गेलेलं, उन्हात चकाकणारं, पार क्षितिजापर्यंत. क्लेमेंट तिच्याजवळ जाऊन बसला, तिच्या हातावरचा तूस झटकायला लागला. तिने झटकू दिलं. चार वर्षांत पहिल्यांदा तिने त्याच्याकडे तोंड वळवून नीट बघितलं, आणि लहान पोरीने विचारावं तसं विचारलं,

"मंग माजा जॉन कुटं हाय रं?"